नमद्याची चकती

डॅरिल सिकोराला उजवा हात कोपराच्या खाली नव्हता. सैन्यात असताना इराकमध्ये रस्त्याकडेला पुरलेल्या बॉम्बने हात गेला, तेव्हा पोरगा चोवीस वर्षांचा होता. आता हातच नाही म्हटल्यावर दुखायला काय उरलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण डॅरिलची ती नसलेली मूठ मिटलेली होती. स्फोटाच्या क्षणी बंदूक जशी आवळून धरली होती, तशीच्या तशी. नऊ वर्षं ती उघडली नव्हती. नसलेली नखं नसलेल्या तळव्यात रुतायची, आणि दुखणं मात्र शंभर टक्के खरं. गोळ्या झाल्या, आरशात डाव्या हाताचं प्रतिबिंब दाखवून मेंदूला फसवून झालं, एका डॉक्टरने तर "मनाला लावून घेऊ नका" असं सांगून वाटेला लावलं. असल्या डॉक्टरांच्या नखाखाली एकदा टाचण्या घालून बघायला हव्यात.

मी बर्नाडेट हृस्का. सगळे बर्नी म्हणतात. पिट्सबर्गच्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं स्क्रू पिळले. बाप पोलादाच्या कारखान्यात होता, मी जेमतेम बारावी. डॅरिलचा यांत्रिक हात कागदावर प्रोफेसर एस्टर लिंडक्विस्ट यांनी बनवला. टेबलावर मी बनवला. एस्टरची बुद्धी मोठी, पण तिने पाना उचलला की मी तो लगेच काढून घ्यायचे.

डॅरिलच्या दंडातल्या नसांमध्ये सर्जननी केसांहून बारीक तारा बसवल्या होत्या. यांत्रिक बोटांच्या टोकांना काही टेकलं की तारांमधून सूक्ष्म झटका जायचा आणि डॅरिलला ते आपल्या बोटांना लागल्यासारखं वाटायचं. पहिल्या दिवशी मी त्या रबरी बोटांवर माझी बोटं ठेवली. मी म्हटलं, "काय रे, लागतंय का काही?" तर हा धिप्पाड माणूस मान खाली घालून ढसाढसा रडायला लागला.

"बर्नी, उघडली," तो म्हणाला. "मूठ उघडली गं."

तेव्हापासून तो रोज पाच-सहा तास हात घालायचा आणि मूठ उघडी राहायची. एकदा मनगट दुरुस्तीला चार दिवस माझ्याकडे राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन: "म्हातारे, लवकर कर. मिटायला लागलीय." चौथ्या दिवशी आला तो घामाने निथळत. म्हणून सांगते, आमच्या सगळ्या खटाटोपात माझ्या लेखी एकच गोष्ट होती. हात डॅरिलपाशी राहिला पाहिजे.

आता हात राहणार की जाणार, हे ठरवणारे व्हर्जिनियात बसले होते. म्हणजे आमच्या कामाला पैसे देणारी सरकारी संशोधन संस्था. आम्ही तिला नुसतं 'ऑफिस' म्हणायचो. तिला शिव्या घालायला मला आवडतं, पण खरं ते सांगितलं पाहिजे: ऑफिस नसतं तर हा हात जन्मालाच आला नसता. नसलेल्या हाताला स्पर्श देतो म्हणून कुठल्याही कंपनीच्या दारात गेलात तर चौकीदारसुद्धा आत सोडणार नाही. ऑफिस सोडायचं. वर आणखी चार प्रयोगशाळांना सोडून म्हणायचं, पळा. आधी पाच प्रयोगशाळा होत्या. दरवर्षी प्रत्येकीला गाठायचा एक आकडा दिलेला. आकडा चुकला की दार बंद, रडायला वेळ नाही. चार वर्षांत चौघी गेल्या, आम्ही उरलो.

आमचा साहेब डॉक्टर हॉलिस ब्रँट. उंच, वाकलेला, टाय कधी सरळ नाही. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र असायचं आणि त्यावर नोकरी संपण्याची तारीख छापलेली. तिथे सगळ्यांचंच तसं. चार वर्षं द्यायची, त्यात काय उजेड पाडायचा तो पाडा आणि निघा. खुर्ची ऊबदार झाली की डोकं चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. हॉलिसची तारीख होती तीस जून. डॅरिल त्यांना बघितलं की विचारायचा, "काय डॉक्टर, दुधाच्या खोक्यावरची तारीख जवळ आली. अजून नासला नाहीत ना?"

"वास घेऊन बघ," हॉलिस म्हणायचे.

आमचा शेवटचा आकडा होता नव्वद. डोळ्यांवर पट्टी, कानात खरखर आवाज सोडलेला, आणि शंभर वेळा डॅरिलच्या यांत्रिक हातात वस्तू द्यायची. अंडं, स्पंज, लाकडी ठोकळा, टेनिसचा चेंडू, असल्या दहा. त्याने नुसत्या स्पर्शाने ओळखायची. शंभरात नव्वद बरोबर. हा आकडा हॉलिसनी चार वर्षांपूर्वी ठरवला, तेव्हा जगात कुणाचे तीसही येत नव्हते.

"सत्तर का नाही लिहिलं?" मी एकदा वैतागून विचारलं होतं.

"सत्तर लिहिलं असतं तर वरच्यांनी मला तिथल्या तिथे हाकललं असतं. सोपं असेल तर ते आमच्याकडे कशाला यावं, बर्नी?"

मे महिन्यात आम्ही सराव घ्यायला लागलो. ब्याऐंशी. पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी. एकदा शहाऐंशी, तेव्हा एस्टरने मला मिठी मारली. मग परत त्र्याऐंशी. डॅरिल आठवड्याचे सातही दिवस यायचा. रविवारी चर्चमधून तडक. अंडं आणि चेंडू यात तो घोटाळा करायचा आणि चिडून स्वतःलाच शिव्या द्यायचा. एस्टरचं वजन उतरलं. तिने एक दिवस दार लावून मला सांगितलं, "बर्नी, नव्वद झाले नाहीत तर संपलं. त्या चौघींचं काय झालं ते तू पाहिलंस."

पाहिलं होतं. क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळेला दोनच कमी पडले होते. आठवड्यात त्यांच्या मशीनवर जप्तीच्या चिकटपट्ट्या लागल्या.

परीक्षेच्या आदल्या शनिवारी मी एकटी प्रयोगशाळेत गेले. बाहेर लख्ख ऊन होतं, नदीवर होड्या निघाल्या होत्या. यांत्रिक मनगट आणि डॅरिलच्या थोटकावर बसणारी वाटी यांच्यामध्ये मी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती बसवलेली होती. चांगली पाव इंच जाड. बोटांच्या मोटारी गुरगुरतात, ती थरथर त्याच्या हाडात जाऊ नये म्हणून. कारण प्रत्येक वस्तूची थरथर वेगळी. अंड्यावर मोटार लगेच थांबते, स्पंजवर कण्हत राहते, ठोकळ्यावर एकदम गचकते. हाडाला ती कळली तर नुसत्या थरथरीवरून माणूस वस्तू ओळखेल. नियमात स्पष्ट होतं: जे कळायचं ते नसांतल्या तारांमधूनच कळायला हवं.

मी चकती काढली आणि चाकूने तासून कागदाइतकी पातळ केली. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. घरी जाऊन आंघोळ केली आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला गेले, पण पाद्र्याकडे पापाची कबुली द्यायच्या रांगेत काही उभी राहिले नाही.

मंगळवारी परीक्षा. हॉलिस आले, बरोबर ऑफिसचे दोघे. डॅरिलच्या डोळ्यांवर पट्टी, कानांवर मोठाले हेडफोन. पहिली वस्तू अंडं. बोटं मिटली, मोटार थांबली. डॅरिलच्या भुवया किंचित वर गेल्या. मी डोळ्यात तेल घालून बघत होते म्हणून दिसलं. क्षणभर थांबून तो म्हणाला, "अंडं." मग ठोकळा. मग चेंडू. अंडं आणि चेंडूत एकदाही चुकला नाही.

त्र्याण्णव.

एस्टर खाली जमिनीवरच बसली. कुणीतरी बिअर आणली, आमच्या चर्चच्या बायकांनी माझ्या सांगण्यावरून परातभर पिरोगी करून पाठवले होते, करंजीसारखे, आत बटाट्याचं सारण, कांद्यावर परतलेले. डॅरिलने यांत्रिक हाताने माझा हात धरला. "केवढा खरखरीत तळवा गं तुझा, म्हातारे! कुणी लग्न केलं नाही ते बरोबरच." सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसले. त्या दुपारइतकी सुखी मी आयुष्यात फारशी झाले नाही, कबूल करते.

एकटे हॉलिस खिडकीशी ताटली धरून उभे होते. एक पिरोगी उचललेला नाही. मी म्हटलं, "काय डॉक्टर, आमचं खाणं चालत नाही का?" ते नुसते हसले आणि म्हणाले, "तुम्ही खरंच करून दाखवलंत." त्यात आनंदाचा सूर नव्हता. मला वाटलं, नोकरी संपतेय म्हणून असेल.

पुढच्या सोमवारी ते परत आले. एस्टरला आणि मला समोर बसवलं.

"कार्यक्रम पूर्ण झाला," ते म्हणाले. "सव्वीस तारखेला हात पेटीत घालून पाठवायचा आहे. कॅलिफोर्नियातली एक कंपनी तो पुढे बनवणार. चालणारा नमुना एवढा एकच आहे."

"पुढचा टप्पा?" एस्टर म्हणाली.

"पुढचा टप्पा नाही. आमचं काम शक्य आहे हे दाखवायचं. दाखवून झालं. माझ्या जागी येणाऱ्या बाईंना दुसरंच काही करायचंय. आमच्याकडे कुणी आधीच्याचं पोर सांभाळत नाही."

"आणि डॅरिल?" मी विचारलं.

"मी अर्ज केला होता. प्रयोग चालू नसेल तर सरकारी वस्तू कुणाच्या अंगावर ठेवता येत नाही, असं उत्तर आलं. नसांतल्या तारा राहतील. त्या काढायला शस्त्रक्रिया लागते, ती धोक्याची आहे."

म्हणजे घोडा न्यायचा आणि खोगीर माणसाच्या पाठीत शिवून ठेवायचं. मी तसं तोंडावर बोलले. हॉलिसनी बॅगेतून करार काढला, बासष्ट पानी, आणि शेवटून तिसरं पान आमच्यापुढे सरकवलं. मागच्या वर्षी सुधारणा म्हणून जोडलेलं. खाली एस्टरची सही. मी चष्मा लावून वाचलं. अंतिम टप्प्यात एकच प्रयोगशाळा उरली आणि तिचा आकडा पंच्याहत्तर ते एकोणनव्वदच्या मध्ये आला, तर सुधारणेसाठी अठरा महिने आणखी मिळतील. साधन त्याच माणसाकडे राहील.

एस्टरच्या तोंडचं पाणी पळालं. "मी हे वाचलंच नाही," ती पुटपुटली.

"मला माहीत होतं तू वाचणार नाहीस," हॉलिस म्हणाले. "तुम्ही पंच्याऐंशीच्या आसपास थांबाल असा माझा अंदाज होता. अठरा महिन्यांत नवीन बाईंना पटवता आलं असतं. डॅरिलचीही सोय झाली असती. म्हणून ते कलम मीच घालून घेतलं."

"मग सांगितलं का नाही?"

"खाली जाळं आहे हे कळलं की माणूस पळत नाही, बर्नी. आम्ही कुणालाच सांगत नाही. आजवर कधी कुणाचं बिघडलं नाही."

एस्टर उठून बाहेर गेली. मी तिथेच बसले.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ते त्र्याण्णव खोटे आहेत."

आणि सगळं सांगितलं. शनिवार, चाकू, चकती, थरथर. "सरावाचे आकडे घ्या ना. चौऱ्याऐंशी धरा. मला काढून टाका, तुरुंगात घाला. पण त्याला अठरा महिने द्या."

हॉलिसनी टाय सैल केला. म्हणाले, "तू हे मला रीतसर सांगितलंस, तर आकडा चौऱ्याऐंशी होत नाही. परीक्षाच बाद होते. लबाडी म्हणून कार्यक्रम त्याच दिवशी बंद. हात पुरावा म्हणून जप्त. एस्टरला पुन्हा कुठून सरकारी काम मिळणार नाही. आणि डॅरिलला सव्वीस तारखेपर्यंतचेही दिवस मिळणार नाहीत."

"म्हणजे खरं बोलूनही उपयोग नाही?"

"त्याला नाही."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले, आणि करार बॅगेत ठेवला. बॅगेचं कुलूप त्यांना दोनदा प्रयत्न करून लागलं. मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की आम्ही दोघांनी एकच चूक केली. मी डॅरिलच्या भल्यासाठी चकती तासली, त्यांनी त्याच्या भल्यासाठी कलम लपवलं. त्याला मात्र दोघांपैकी कुणी विचारलं नव्हतं.

सव्वीस जूनला सकाळी डॅरिल आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. पेटी मीच तयार केली होती, आत हाताच्या आकाराचा फोम कापून. तो खुर्चीत बसला, यांत्रिक हात टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "थोडा वेळ दे गं." मग त्याने टेबलाची कड चाचपली. शर्टाचं बटण चाचपलं. खिशातून आईची जपमाळ काढली आणि एकेक मणी बोटांतून ओढला. मी पाना हातात घेऊन उभी.

"डॅरिल, मला तुला काही सांगायचंय. परीक्षेच्या वेळी..."

"चकती तासली होतीस," तो म्हणाला. "पहिल्या अंड्यालाच कळलं मला. हाडापर्यंत गुणगुण आली."

मी पाना खाली ठेवला. "मग बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. पट्टी काढून म्हणणार होतो, थांबा, काहीतरी गडबड आहे. मग वाटलं, बर्नीने केलंय, तर विचार करूनच केलं असेल. मी नापास झालो तर एस्टरची प्रयोगशाळा जाते, तुझी पेन्शन जाते. म्हणून ती गुणगुण कान देऊन ऐकली." तो जरासा हसला. "सात चुकलो ते मुद्दाम हं. शंभर आले असते तर संशय आला असता."

मी त्याला ते शेवटून तिसरं पान सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ऐकून त्याने शिवी दिली नाही, काही नाही. मणी ओढणं तेवढं थांबलं.

"म्हणजे मी प्रामाणिकपणे अंडं आणि चेंडूत घोटाळा केला असता, तर?"

"तर हात तुझ्याकडे राहिला असता."

"अच्छा," तो म्हणाला. "काढ मग."

मी काढला. कंपनीच्या लोकांनी पेटी नेली. गुरुवारी सकाळी फोन वाजला. मी हॅलो म्हणण्याआधीच पलीकडून आवाज आला, "मिटली." आणि फोन ठेवला.

तीन वर्षं गेली. हॉलिस आता कुठेतरी शिकवतात. नाताळला कार्ड पाठवतात, मी उघडत नाही. एस्टरला मोठं पदक मिळालं, भाषण करताना ती मध्येच थांबली आणि लोकांना वाटलं की भरून आलं. मी पेन्शन घेतली.

गेल्या मार्चमध्ये डॅरिलच्या घरी गेले होते, त्याच्या आईच्या स्मृतिदिनाची प्रार्थना होती म्हणून. लोक गेल्यावर आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. कंपनीने नवा हात बाजारात आणला होता. एक तरुण मुलगी व्यासपीठावर येऊन तो हात आजीच्या गालाला लावत होती. खरंच लागत होतं तिला, नाटक नव्हतं. हजारो लोकांना आता असा हात मिळणार होता. आजी रडली, प्रेक्षक उभे राहिले. मग कंपनीचा मुख्य अभियंता आला. म्हणाला, मूळ नमुन्याची त्र्याण्णवची किमया आम्हाला पुन्हा जमत नव्हती. मग मनगट उघडून पाहिलं तर तिथली चकती जवळजवळ नव्हतीच. मोटारीची थरथर हाडात जाऊ देण्याची ही कल्पना विद्यापीठातल्या कुणा थोर माणसाची असावी. नसा आणि हाड मिळून स्पर्श पुरा होतो, हाच खरा शोध. आता आम्ही चकती ठेवतच नाही.

मी डॅरिलकडे बघितलं. तो हसायला लागला. खूप दिवसांनी असा पोट धरून हसला. "थोर माणूस!" तो म्हणाला. "म्हातारे, ऊठ, टाळ्या स्वीकार."

"तू अर्ज केलास का नव्या हातासाठी?" मी विचारलं.

"केला. माझ्या तारा जुन्या आहेत म्हणे, नव्याला जुळत नाहीत. कापून नव्या घालायच्या तर नसा उरणार नाहीत."

हसता हसताच त्याचा चेहरा पांढरा पडला. कपाळावर घाम आला आणि त्याने डाव्या हाताने थोटकं घट्ट आवळलं. ओठ दाबून तो मिनिटभर तसाच बसला, मग हनुवटीने कपाटाकडे खूण केली.

मी उठले, गोळ्यांची बाटली काढली आणि झाकण दाबून फिरवून उघडून दिली. त्या बाटल्या एका हाताने उघडत नाहीत.